मेरीलँड पोलिसांची हवाई रुग्णसेवा : गाडीच्या नोंदणीतील अधिभारातून काय मिळते

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात ज्याच्या नावावर मोटार आहे, त्याला नोंदणीचे नूतनीकरण करताना मूळ शुल्कासोबत आणीबाणीच्या वैद्यकीय सेवेसाठीचा एक अधिभार भरावा लागतो. २०१३ मध्ये तो वर्षाला १७ डॉलर झाला होता आणि जुलै २०२४ पासून तो एकदम ४० डॉलरांवर गेला. या पैशातून बाल्टिमोरच्या शॉक ट्रॉमा सेंटरला (ट्रॉमा सेंटर म्हणजे गंभीर जखमींवर उपचार करणारे खास केंद्र), अग्निशमन प्रशिक्षण संस्थेला, गावोगावच्या अग्निशमन आणि बचाव दलांना आणि संपूर्ण राज्याच्या आपत्कालीन वैद्यकीय यंत्रणेला हातभार लागतो. शिवाय राज्य पोलिसांचा हेलिकॉप्टर विभागही मोठ्या प्रमाणावर त्यावरच चालतो. ज्या सेवेचे पैसे आपण दर वर्षी भरतो आणि जी आपल्यावर कधीही वापरण्याची वेळ येऊ नये असे मनापासून म्हणतो, तिचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. अधिभार दुपटीहून अधिक वाढल्यानंतर मात्र ते कोणीतरी लिहायला हवे असे मला वाटले.

मी चेसापीक उपसागराच्या पूर्वेकडील भागात, ज्याला इथे ईस्टर्न शोअर म्हणतात, एका स्वयंसेवी अग्निशमन दलात गेली काही वर्षे काम करते. रुग्णावर उपचार करणे हे माझे काम नाही. हेलिकॉप्टर उतरण्यासाठी जागा निवडणे, ती मोकळी करणे आणि ते पुन्हा उडेपर्यंत ती सांभाळणे ही आमच्या गाडीची जबाबदारी असते. त्यामुळे या सेवेचा जो भाग रुग्णाला शुद्धीत असूनही दिसत नाही, तो मी अनेकदा जवळून पाहिला आहे, आणि माझे मत त्यावरच बेतलेले आहे. विभागाच्या कारभाराविषयी पुढे जे लिहिले आहे, ते सार्वजनिक नोंदींमधले आहे.

हेलिकॉप्टर अपघातस्थळी येते ते कोणाच्या थेट फोनवरून नव्हे. रस्त्यावर पोहोचलेला पॅरामेडिक, म्हणजे आणीबाणीच्या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी, जखमीची तपासणी करून राज्याच्या ठरलेल्या पद्धतीनुसार त्याची वर्गवारी करतो. ‘ए’ गटात श्वास, रक्तदाब, शुद्ध यांत उघड बिघाड असलेले रुग्ण येतात, ‘बी’ गटात शरीराला गंभीर इजा दिसणारे, आणि ‘सी’ व ‘डी’ गटांत असे रुग्ण, ज्यांची स्थिती वरवर ठीक वाटते पण अपघाताचे स्वरूप, वय किंवा आधीचे आजार पाहता सावध राहावे लागते. रस्त्याने तीस मिनिटांच्या आत योग्य ट्रॉमा सेंटर गाठता येत असेल, तर ‘सी’ आणि ‘डी’ गटांतील रुग्णांसाठी, तसे काही वेगळे कारण नसल्यास, रुग्णवाहिकाच जाते. त्याहून दूर असेल तर बाल्टिमोरमधील राज्याच्या संपर्क केंद्राकडे मागणी जाते, आणि ‘सी’ किंवा ‘डी’ गटातील रुग्णासाठी आधी ट्रॉमा सेंटरमधील डॉक्टरांशी बोलणे बंधनकारक असते. हे बोलणे रेडिओवर चालू असताना मी बाजूला उभी राहून ऐकलेले आहे. डॉक्टर दोन-तीन नेमके प्रश्न विचारतात आणि हो किंवा नाही सांगतात. या ‘नाही’विषयी मला पुढे अधिक लिहायचे आहे.

मागणी मंजूर झाली की सातपैकी जवळच्या तळावरचे हेलिकॉप्टर निघते. हे तळ बाल्टिमोरजवळच्या मार्टिन स्टेट विमानतळावर, अँड्र्यूज हवाई तळावर, फ्रेडरिक, सॉल्सबरी, कंबरलँड व ईस्टन इथे आणि दक्षिणेकडे सेंट मेरीज परगण्यात आहेत, आणि ते दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस चालू असतात. नकाशा पाहिला तर या जागांची निवड किती विचाराने झाली आहे ते कळते. मेरीलँडचा आकारच विचित्र आहे. पश्चिमेला ते अ‍ॅलेगेनी डोंगरांत एका चिंचोळ्या पट्ट्यासारखे शिरते आणि पूर्वेला उपसागराने त्याचे दोन तुकडे केले आहेत. मोठी ट्रॉमा सेंटरे मात्र बहुतांशी मधल्या शहरी भागात आहेत. सॉल्सबरीहून बाल्टिमोरला रस्त्याने जायचे म्हणजे सुमारे १८५ किलोमीटर आणि दोन तास, तेही वाटेतला सात किलोमीटर लांबीचा बे ब्रिज मोकळा असेल तर. उन्हाळ्यातल्या शनिवारी समुद्रकिनाऱ्याला निघालेल्या गाड्यांनी तो तुंबलेला असतो आणि जोराचा वारा सुटला की वाहतूक रोखली जाते. हेच अंतर हवेतून सुमारे अर्ध्या तासाचे आहे. स्मिथ आयलंडसारख्या, जिथे फक्त बोटीने जाता येते अशा वस्तीसाठी तर हेलिकॉप्टरला पर्यायच उरत नाही.

आता उतरण्याविषयी. आम्ही शाळेचे मैदान, कापणी झालेले शेत किंवा रस्त्याचा रुंद भाग निवडतो, आणि सर्वांत आधी विजेच्या तारा शोधतो, कारण रात्री वरून खांब दिसतात पण तारा दिसत नाहीत. जागेच्या चारही कोपऱ्यांना दिवे लावायचे, गाड्यांचे झोत जमिनीकडे ठेवायचे, कोणीही वर टॉर्च मारायचा नाही, ताडपत्री, पत्र्याचे तुकडे, रिकामे डबे उचलायचे, आणि आपल्याला दिसलेला प्रत्येक अडथळा, मग तो कितीही किरकोळ वाटो, वैमानिकाला रेडिओवर सांगायचा. माझ्या अनुभवात वैमानिक हे ऐकताना कधी घाई करत नाहीत. जागेवर एक घिरटी घालून, आम्ही सांगितलेली तार स्वतः शोधून, ती दिसल्याचे सांगूनच ते खाली येतात. एकदा आम्ही निवडलेली जागा त्यांना वरून पटली नाही आणि त्यांनी शेजारच्या शेताची विचारणा केली. आमच्या जागेच्या कडेला आमच्या लक्षात न आलेला उतार होता, तो त्या शेतात नव्हता. आम्हाला ना दोष दिला ना उपदेश केला. आमच्यासारख्या स्वयंसेवकांशी वागण्याची ही रीत मला या सेवेच्या जमेच्या बाजूला आवर्जून लिहावीशी वाटते, कारण जिथे जमिनीवरचा माणूस शंका बोलून दाखवायला कचरतो तिथे अपघात होतात.

हेलिकॉप्टर इटालियन घडणीचे, ऑगस्टा वेस्टलँड कंपनीचे एडब्ल्यू १३९ आहे. विभागाकडे अशी दहा आहेत. दोन इंजिने, पाच पात्यांचा मुख्य पंखा, सुमारे चौदा मीटर व्यासाचा घेर, आणि भरलेले वजन साडेसहा टनांच्या आसपास. याआधी १९८९ पासून वापरात असलेली फ्रेंच डॉफिन हेलिकॉप्टरे चार टनांच्या घरातली होती. दलातील जुनी मंडळी अजून त्या हलक्या हेलिकॉप्टरांची आठवण काढतात, आणि ती निव्वळ हळहळ नाही. नव्या हेलिकॉप्टरच्या पात्यांखालचा वारा खरोखर दांडगा आहे. कोरड्या शेतात उतरताना धुळीची अशी भिंत उठते की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि आम्हाला पूर्वीपेक्षा मोठी जागा शोधावी लागते. दाट झाडीच्या डोंगराळ भागात ती मिळणे सोपे नसते. मोठ्या यंत्राची ही किंमत आहे आणि ती खरेदीच्या वेळी पुरेशी बोलली गेली असे मला वाटत नाही. बदल्यात आतली जागा प्रशस्त मिळाली. रुग्णाच्या डोक्याकडून आणि दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, दोन पॅरामेडिक एकाच वेळी काम करू शकतात. हेलिकॉप्टर उतरल्यावर पॅरामेडिक आधी रुग्णवाहिकेत येतो, रुग्णाला स्वतः तपासतो, आमच्या लोकांकडून सगळे ऐकून घेतो आणि मगच हलवण्याची तयारी होते.

हे पॅरामेडिक राज्य पोलीस दलातील शपथबद्ध पोलीस असतात, म्हणजे ट्रूपर. म्हणूनच रेडिओवर हेलिकॉप्टरांची हाक ‘ट्रूपर’ आणि तळाचा क्रमांक अशी असते. बाहेरून आलेल्या माणसाला पोलिसांनी रुग्ण वाहून नेणे चमत्कारिक वाटते, मलाही वाटले होते. त्यामागचा इतिहास समजला की ते पटते.

बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठातील शल्यचिकित्सक आर अ‍ॅडम्स काउली यांनी १९६० च्या सुमारास लष्कराच्या अनुदानातून दोन खाटांचा एक कक्ष सुरू केला. शॉक म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याच्या अवस्थेचा अभ्यास हे त्याचे काम होते, आणि तिथे मरणाच्या दारातले रुग्णच येत असल्यामुळे रुग्णालयातले लोक त्याला ‘मृत्यूची प्रयोगशाळा’ म्हणत. काउली यांच्या लक्षात आले की त्यांच्याकडे येणारे रुग्ण फार उशिरा येतात. जखमी माणसाला जवळच्या कोणत्याही रुग्णालयात नेण्याऐवजी थेट योग्य ठिकाणी आणि लवकर न्यायला हवे, हा त्यांचा आग्रह होता, आणि इजेनंतरचा पहिला तास निर्णायक असतो असे सांगणारा ‘गोल्डन अवर’ हा शब्दप्रयोग त्यांच्याच नावाशी जोडला जातो. लवकर नेण्यासाठी हेलिकॉप्टर हवे होते, रुग्णालयाकडे ते नव्हते, आणि पोलिसांना रस्त्यांवरील कामासाठी ते हवेच होते. एकच हेलिकॉप्टर दोन्ही कामांना वापरायचे, या साध्या काटकसरीच्या विचारातून पोलीस आणि डॉक्टर एकत्र आले. १९ मार्च १९७० रोजी बाल्टिमोरच्या वळणरस्त्यावरील अपघातातील एका जखमीला राज्य पोलिसांच्या बेल जेटरेंजर हेलिकॉप्टरने काउली यांच्याकडे पोहोचवले. नागरी यंत्रणेने अपघातस्थळावरून रुग्ण उचलून ट्रॉमा केंद्रात नेण्याच्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या घटनांमध्ये तिची गणना होते.

एक तासाच्या त्या कल्पनेविषयी मात्र सावधपणे बोलायला हवे. साठाव्या मिनिटाला काही दार बंद होते असा पुरावा नाही; काही जखमांना दहा मिनिटेही उशीर असतो आणि काहींना तीन तासांनीही फरक पडत नाही. हेलिकॉप्टरने खरोखर जीव वाचतात का, याचे अधिक भक्कम उत्तर २०१२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाल्टिमोरच्याच डॉक्टरांचा त्यात पुढाकार होता. २००७ ते २००९ या काळातील २,२३,४७५ गंभीर जखमी प्रौढांच्या नोंदी तपासून त्यांनी इतर घटकांचा हिशेब केल्यावर असे दाखवले की सर्वोच्च दर्जाच्या ट्रॉमा केंद्रात हेलिकॉप्टरने आणलेल्या दर ६५ रुग्णांमागे एक जादा जीव वाचतो. हा आकडा मी अनेकदा मनात घोळवला आहे. पासष्टमधला एक हा फार मोठा लाभ आहे, आणि त्याच वेळी उरलेल्या चौसष्ट उड्डाणांतून त्या मापाने काही हाती लागलेले नसते हेही तो आकडा सांगतो. प्रत्येक उड्डाणात चार-पाच माणसांचा जीव हवेत असतो. म्हणून कोणाला न्यायचे इतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कोणाला न्यायचे नाही हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मेरीलँडला हे फार महाग पडून कळले. २७ सप्टेंबर २००८ च्या रात्री दक्षिणेकडील वॉल्डॉर्फ गावाजवळ मोटारीच्या अपघातात दोन किशोरवयीन मुली जखमी झाल्या. अँड्र्यूजच्या तळावरून ‘ट्रूपर टू’ त्यांना आणायला गेले. त्यावेळी रीत अशी होती की एक वैमानिक आणि एक पॅरामेडिक असे दोघेच जात. दोन रुग्ण असल्यामुळे स्थानिक स्वयंसेवी दलातील एक आरोग्यसेविका मदतीला आत बसली. रात्री ढग खाली आले, ठरलेल्या रुग्णालयात उतरणे शक्य होईना, म्हणून वैमानिकाने अँड्र्यूजकडे वळून उपकरणांच्या आधारे उतरण्याचा प्रयत्न केला. मध्यरात्रीच्या थोडे आधी हेलिकॉप्टर तळाच्या अलीकडे एका उद्यानातील झाडीत कोसळले. वैमानिक, पॅरामेडिक, ती स्वयंसेविका आणि एक मुलगी असे चौघे गेले. दुसरी मुलगी वाचली. अवशेष सापडायला सुमारे दोन तास लागले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वर्षभराने दिलेला निष्कर्ष कोणालाही सोडणारा नव्हता. ढगांतून बाहेर येऊन जमीन दिसावी म्हणून वैमानिकाने वेगाने खाली येण्याचा प्रयत्न केला आणि किमान उंचीवर तो थांबला नाही, हे मुख्य कारण. पण त्यासोबत मंडळाने नोंदवले की त्याला उपकरणांच्या आधारे उडण्याचा अलीकडचा सराव कमी होता, त्याने हवामानाचा अंदाज नीट घेतला नव्हता, विभागाकडे धोका तोलण्याची पद्धत असून ती पाळली जात नव्हती, आणि हवाई वाहतूक नियंत्रकांनी अँड्र्यूजच्या हवामानाची ताजी माहिती दिली नाही, उलट त्याच्यावरचा ताण वाढवला. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्या हेलिकॉप्टरमध्ये नव्हती.

त्या रात्रीविषयी वाचताना माझे मन दर वेळी त्या स्वयंसेविकेपाशी थांबते. ती माझ्यासारखीच संध्याकाळची पाळी करायला आलेली होती, आणि कोणीतरी हात कमी पडतो म्हटल्यावर चढून बसली. त्या दोन मुली शुद्धीवर होत्या. त्यांना हवेतून नेणे गरजेचे होते का, हा प्रश्न नंतर संपूर्ण राज्याने विचारला, आणि मला वाटते तो विचारण्याचे धैर्य दाखवले हेच या सेवेच्या पुढच्या सुधारणेचे मूळ आहे. ‘सी’ आणि ‘डी’ गटासाठी डॉक्टरांशी सल्लामसलत सक्तीची झाली ती त्या अपघातानंतर. हवाई मार्गाने नेलेल्या रुग्णांची संख्या त्यानंतर झपाट्याने उतरली. आज प्रत्येक हेलिकॉप्टरमध्ये दोन वैमानिक आणि दोन पॅरामेडिक असतात, रात्रीच्या दृष्टीची उपकरणे आणि जमिनीचा इशारा देणारी यंत्रणा असते, आणि निघण्याआधी धोक्याचा हिशेब मांडला जातो.

या सेवेला मी सर्वाधिक गुण देईन ते तिच्या नकारासाठी. धुक्याच्या रात्री आम्ही जागा तयार करून उभे असतो आणि रेडिओवर सांगितले जाते की हवामानामुळे येणे शक्य नाही, रस्त्याने निघा. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला संताप आला होता, कारण रुग्णवाहिकेत पडलेला माणूस मी पाहिलेला होता आणि पुलापलीकडचे अंतर मला ठाऊक होते. पण सांगणाऱ्या आवाजात अजिजी नव्हती, आणि ‘बघतो, प्रयत्न करतो’ असले काहीही नव्हते. स्पष्ट नकार मिळाल्यामुळे आमची रुग्णवाहिका एकही मिनिट न गमावता निघाली. अर्धवट होकारात गेलेला वेळ हा सर्वांत वाईट असतो.

असा नकार देणे या विभागाला शक्य होते त्याचे एक कारण पैशात आहे, आणि इथेच आपला अधिभार येतो. राज्य पोलिसांच्या हेलिकॉप्टरने नेलेल्या रुग्णाला त्या उड्डाणाचे बिल येत नाही. विमा आहे की नाही, माणूस राज्याचा रहिवासी आहे की वाटसरू, हे कोणी विचारत नाही. देशात इतरत्र हे काम बहुतेक ठिकाणी खासगी कंपन्या किंवा रुग्णालये करतात आणि दर उड्डाणामागे पैसे आकारतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१७ साली हेलिकॉप्टरच्या एका फेरीसाठी आकारलेल्या रकमांमधली मधली रक्कम, म्हणजे जिच्याहून निम्मी बिले कमी आणि निम्मी जास्त होती ती, सुमारे ३६,४०० डॉलर होती. ज्याचे उत्पन्न उड्डाणांच्या संख्येवर ठरते, त्याच्यावर उडण्याचा दबाव असतो, मग तो कोणी बोलून दाखवो वा न दाखवो. इथे तळावरच्या चौघांचा पगार उडले काय आणि न उडले काय, तेवढाच असतो. रुग्णाच्या बाजूनेही तेच. शुद्धीत असलेला जखमी माणूस खर्चाच्या धास्तीने नको म्हणत नाही. होकार आणि नकार दोन्ही केवळ जखम आणि हवामान पाहून दिले जातात, याची किंमत म्हणून वर्षाचे ४० डॉलर मला जास्त वाटत नाहीत.

खरेदीच्या बाबतीत मात्र माझे समाधान नाही. प्रत्येकी सुमारे १ कोटी २० लाख डॉलरांची ही हेलिकॉप्टरे २०१० मध्ये निवडली गेली तेव्हा निविदा एकाच कंपनीची आली होती. यंत्र चांगले निघाले, हे मी रोजच्या वापरातून सांगू शकते. पण एवढ्या खर्चाच्या निर्णयात दुसरा पर्याय टेबलावरच नसणे ही चांगली पद्धत नव्हे. आता या ताफ्याला दशकाहून अधिक काळ लोटला आहे आणि त्याच्या बदलाचा विचार कधीतरी करावाच लागेल. त्यावेळी वजन आणि पात्यांखालचा वारा यांविषयी गावोगावच्या दलांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, अशी माझी मागणी आहे.

पोलिसी कामाविषयी थोडक्यात. हरवलेली मुले आणि स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध माणसे शोधण्यासाठी, पळालेल्या संशयितांचा माग काढण्यासाठी इन्फ्रारेड कॅमेरा आणि सर्चलाइट वापरले जातात. नदीच्या खडकांवर किंवा कड्यावर अडकलेल्या माणसाला हॉइस्टने, म्हणजे पोलादी दोरावर वर ओढून घेण्याचे कामही हेच पथक करते, आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी ते अमूल्य आहे. प्राधान्य मात्र रुग्णाला असते. शोध चालू असताना गंभीर रुग्णाची हाक आली तर हेलिकॉप्टर तिकडे वळते. हे योग्यच आहे, पण याचा अर्थ असा की स्थानिक पोलिसांनी शोधकामासाठी केवळ याच हेलिकॉप्टरवर विसंबून राहू नये.

पोहोचवण्याच्या ठिकाणाविषयी एक गोष्ट नातेवाइकांनी ध्यानात ठेवावी. हेलिकॉप्टर नेहमी शॉक ट्रॉमालाच जाते असा समज आहे, तो खरा नाही. भाजलेल्या रुग्णाला जॉन्स हॉपकिन्स बेव्ह्यूला, हाताला किंवा बोटांना गंभीर इजा झालेल्याला युनियन मेमोरियलमधील हात-शस्त्रक्रिया केंद्राला, आणि मुलांना जॉन्स हॉपकिन्सच्या किंवा वॉशिंग्टनमधील चिल्ड्रन्स नॅशनलच्या बालविभागाला नेले जाऊ शकते. मैदानावर हेलिकॉप्टर उडताना पाहून घाईघाईने गाडी हाणत शॉक ट्रॉमा गाठलेले आणि मग तिथून पुन्हा शोधत निघालेले लोक मी पाहिले आहेत. निघण्याआधी आमच्यापैकी कोणालाही रुग्णालयाचे नाव विचारा. पॅरामेडिक ते आम्हाला सांगून जातात. आणि तुम्हाला हेलिकॉप्टरमध्ये सोबत बसता येईल असे गृहीत धरू नका.

शेवटी बिलाविषयी, कारण यात अनेकांची फसगत होते. बिल न येण्याची सोय अपघातस्थळावरून राज्य पोलिसांनी नेले तरच लागू होते. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याचे काम बहुतेक वेळा खासगी हेलिकॉप्टर कंपन्या करतात आणि त्यांचे बिल येते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्यामुळे विमाधारकाकडून, कंपनी त्याच्या विम्याच्या यादीत नसली तरी, ठरलेल्या वाट्याबाहेरची रक्कम या कंपन्यांना मागता येत नाही. जमिनीवरच्या रुग्णवाहिकेला मात्र तो कायदा लागू नाही, आणि अनेक परगणे तिचे शुल्क आकारतात. रुग्ण स्थिरावल्यावर आलेली कागदपत्रे पाहताना कोणते वाहन कोणाचे होते हे रुग्णालयाकडून लिहून घ्या आणि मगच पैसे भरा.